घरखर्चाच्या वह्या: तुमच्या घरातली कोणती सदरं गेली, कोणती आली?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आईच्या घरातलं कपाट आवरायला काढलं. सगळ्यात वरच्या फळीवर जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं निघालं. सोडलं तर आत घरखर्चाच्या ३३ वह्या. १९७४ ते २००६, वर्षाला एक. बाबा गेले त्या वर्षी आईने लिहिणं थांबवलं.

डावीकडे तारीख, मधे तपशील, उजवीकडे रक्कम. महिना संपला की लाल शाईत सदरवार गोषवारा. १९७४ च्या गोषवाऱ्यात अकरा सदरं आहेत: घरभाडे, वाणसामान, इंधन, दिवाबत्ती, कापड, शिलाई, शाळा, औषधपाणी, टपाल, दुरुस्ती, किरकोळ. मी दोन रविवार बसून ३३ वर्षांचे गोषवारे शेजारी शेजारी मांडले आणि त्यातच अडकले.

'शिलाई' १९९१ नंतर दिसत नाही, कारण तयार कपडे आले. 'टपाल' १९९७ पर्यंत रडतखडत चालतं, पण टेलिफोन १९८८ पासूनच त्याला खात असतो. 'दुरुस्ती' सुरुवातीला वर्षाला पंधरा-सोळा वेळा: चपलेचा तळ, छत्रीची काडी, रेडिओ, घड्याळ, इस्त्रीची कॉइल. २००६ मध्ये फक्त दोनदा. आणि १९९३ च्या मार्चमध्ये एक नवीनच सदर उगवतं: 'हप्ता'. फ्रिजचा होता. तो फिटला तेव्हा आईने 'शेवटचा हप्ता दिला' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. २००१ पासून मात्र एकही महिना हप्त्याशिवाय नाही, आणि रेघाही नाहीत.

प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी आहे, 'घ्यायचे आहे'. वस्तू घेतली की त्यावर काट आणि तारीख. न घेतलेली पुढच्या वर्षीच्या यादीत उतरवलेली. काही वस्तू पाच-सहा वह्या पुढे सरकत गेल्यात.

माझा स्वतःचा खर्च फोनमध्ये आपोआप नोंदला जातो. महिनाअखेरीला रंगीत चकती येते, पण त्यातलं काही माझ्या लक्षात राहत नाही. मला वाटतं खरा बदल रकमेत नाहीच. आईच्या काळी खर्च करायचा तर ठरवावं लागायचं. आता तो चालू असतो, थांबवायचा तर ठरवावं लागतं.

तुमच्या घरात कोणती सदरं गेली, कोणती आली? आणि हा पालट नक्की कधी झाला, सांगता येईल का?

---

कोपरा

३३ वह्या! आईंना नमस्कार सांगा. एखाद्या पानाचा फोटो टाका ना, रकमा झाकून टाकला तरी चालेल.

---

शाईपेन

@कोपरा, टाकलाय. १९८५ ची वही, जूनचं पान. हाताला लागली ती उघडली.

---

कोपरा

अक्षर काय सुंदर आहे! टपोरं, मोकळं, एक ओळ सोडून. हल्ली असं कोणी लिहीत नाही.

---

दुपारचा पाढा

आमच्याकडे वही नव्हती, पाकिटं होती. पगाराच्या दिवशी संध्याकाळी वडील खाटेवर बसून नोटा मोजायचे आणि सहा पाकिटांत भरायचे. पाकिटांवर नावं. ती वर्षानुवर्षं तीच वापरल्यामुळे कडा कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. एका पाकिटातून दुसऱ्यासाठी पैसे घेतले तर आत चिठ्ठी टाकायची: 'शाळेतून औषधाला घेतले, पुढच्या पगारी परत'. चिठ्ठी निघेपर्यंत वडिलांना चैन पडत नसे.

पुढे अर्थशास्त्रात 'मानसिक हिशेब' ही कल्पना वाचली. रिचर्ड थेलर यांनी ती मांडली, २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं. पैसा सगळा सारखाच, तरी माणूस मनात त्याचे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला दुसऱ्यात घालायला कचरतो. मला लगेच ती पाकिटं आठवली. शास्त्राच्या दृष्टीने ही माणसाची चूक म्हणतात, पण आमचं घर त्या चुकीवरच तरलं.

माझा पगार थेट खात्यात जमा होतो आणि सगळा खर्च तिथूनच जातो. एकच मोठं पाकीट, आणि त्याचा तळ दिसत नाही. पालट कधी झाला विचारता, तर आमच्याकडे पगार हातात यायचा बंद झाला त्या महिन्यात. वडिलांनी आणखी वर्षभर बँकेतून सगळी रक्कम काढून आणून पाकिटं भरली. मग थांबले.

---

आकडेमोड

विषय आवडीचा आहे म्हणून थोडं सविस्तर.

घरखर्चाच्या वह्यांतून नियम शोधणारा पहिला मोठा माणूस म्हणजे अर्न्स्ट एंगेल, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख. (कार्ल मार्क्सचा मित्र तो एंगेल्स, हा वेगळा.) बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्याने १८५७ साली मांडलं की कुटुंब जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा मोठा. उत्पन्न वाढलं की खाण्यावरची रक्कम वाढते, पण वाटा घटतो. पोट एका मर्यादेपलीकडे मागत नाही. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला, देशोदेशी तपासलं गेलं, नियम टिकून आहे.

एकाच देशाची लांब पल्ल्याची आकडेवारी हवी तर अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाची आहे. १९०१ साली सरासरी कुटुंबाच्या खर्चात अन्न ४२.५ टक्के, कपडे १४ टक्के, घर २३.३ टक्के. २००२-०३ साली अन्न १३.१, कपडे ४.२, घर ३२.८. म्हणजे अन्न आणि कपडे मिळून ५६.५ टक्क्यांवरून १७.३ टक्क्यांवर उतरले आणि घराचा वाटा जवळपास साडेनऊ टक्क्यांनी चढला.

शाईपेन, तुमच्या वह्यांत वाणसामानाचा वाटा काढून बघा. माझी खात्री आहे, एंगेलची उतरंड तिथेही दिसेल.

---

शाईपेन

@आकडेमोड, काढला. १९७४ मध्ये निम्म्याला थोडा कमी. २००६ मध्ये पाचवा हिस्सा. आणि मधे १९७९-८० ला परत वर चढलाय, तेव्हा बाबांची नोकरी सुटली होती. वही मिटून ठेवली तरी त्या दोन वर्षांत काय झालं ते नुसत्या वाट्यावरून कळतं.

---

उंबरठा

आकडे बरोबर असतील, पण त्यावरून 'सवयी बदलल्या' म्हणणं मला पटत नाही. वस्तूंच्या किमती एकमेकींच्या तुलनेत बदलल्या, म्हणून वाटे बदलले. कपडे स्वस्त झाले यात माझ्या सवयीचा काय संबंध? माझ्या आजोबांनी सगळ्या कुटुंबासाठी एक रेडिओ घेतला तो कित्येक महिने साठवून. आज त्याच्या शंभरपट कामं करणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याच वेळी मुलीच्या कॉलेजच्या फीने मात्र माझी झोप उडवली आहे. माणूस तोच, बाजार बदलला.

---

तबकडी

@उंबरठा यांच्या मुद्द्याला पुरवणी. रेडिओ स्वस्त आणि कॉलेज महाग, हे योगायोगाने झालेलं नाही. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी संगीत-नाटकांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना ही गोष्ट मांडली. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एक माणूस तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल काढू लागला. कारखान्यातले पगार वाढले की वादकाचाही पगार वाढवावा लागतो, नाहीतर तो वादन सोडून जाईल. त्याचं काम जलद होत नाही, पगार मात्र वाढतो, म्हणजे त्याचं काम तुलनेने महाग होत जातं.

शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांना हेच लागू. ज्या कामाचं मोल माणसाने दिलेल्या वेळात आहे, ते दर दशकाला घरखर्चाचा मोठा घास घेणार. मी स्वतः तबला शिकवतो, त्यामुळे हे मला पुस्तकाबाहेरही कळतं. तासाभराची शिकवणी चाळीस मिनिटांत उरकता येत नाही.

दुरुस्तीचं सदर का आटलं त्याचं उत्तरही यातच आहे. वस्तू कारखान्यात होते, दुरुस्ती माणसाच्या हाताने.

---

पेचकस

दुरुस्तीचा विषय निघाला म्हणून पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो.

तीस वर्षं घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करतो. जुनी इस्त्री उलटी केली की चार स्क्रू दिसायचे. ते काढले की कॉइल, थर्मोस्टॅट, वायर, सगळं डोळ्यासमोर. जळली ती कॉइल बदलली की इस्त्री पुढची पाच-सहा वर्षं निघायची. आता येतात त्यातल्या कित्येक इस्त्र्यांना स्क्रूच नाही, सांधा चिकटवलेला असतो. उघडायची म्हणजे तोडायची. लोक म्हणतात दुरुस्तीची सवय गेली. अहो, सवय जायच्या आधी स्क्रू गेला.

आणि हे आजचं नाही. १९२४ साली जगातल्या मोठ्या दिवेवाल्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला आणि दिवा हजार तासांच्या वर टिकता कामा नये असं ठरवलं. जास्त टिकणारा दिवा काढणाऱ्याला दंड. त्याआधी दीड-दोन हजार तास टिकणारे दिवे बाजारात होते.

आता वारं थोडं फिरतंय. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर 'दुरुस्त किती सोपी' याचे दहापैकी गुण छापायला लावले. २०२४ मध्ये युरोपीय संघाने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. असे गुण सगळीकडे छापले गेले तर माझ्याकडची गर्दी परत येईल.

---

कोपरा

@पेचकस, 'सवय जायच्या आधी स्क्रू गेला' हे कुठेतरी लिहून लावतेय. असेच लिहीत राहा.

---

गोफ

चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंफल्या गेल्यात, त्या आधी सोडवू या.

'दशकांनुसार खर्च बदलतो' याचा एक अर्थ काळ बदलला. दुसरा अर्थ वय बदललं. शाईपेनच्या आईंच्या वह्यांत दोन्ही आहेत. १९७४ ला त्या तरुण गृहिणी, पदरी लहान मुलं. २००६ ला मुलं आपापल्या घरी, नवरा आजारी. शाळा हे सदर गेलं ते जग बदललं म्हणून नव्हे, मुलं शिकून बाहेर पडली म्हणून. औषधपाणी वाढलं असेल ते वयामुळे.

वयाचा हा भाग १९५० च्या दशकात फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रुम्बर्ग यांनी मांडला. माणूस या महिन्याच्या मिळकतीकडे बघून खर्च करत नाही, आयुष्यभराच्या मिळकतीचा अंदाज धरून करतो. तरुणपणी उसनं घेतो, मधल्या वयात साठवतो, म्हातारपणी साठवलेलं मोडतो. मोदिग्लियानींना १९८५ चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

यातली एक गंमत मला फार आवडते. निवृत्तीनंतर लोकांचा खाण्यावरचा खर्च एकदम घसरतो, तेव्हा अभ्यासकांना वाटायचं की माणसांनी नीट साठवलं नाही म्हणून हाल होतायत. २००५ साली मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट यांनी लोक प्रत्यक्षात खातात काय ते तपासलं. खाण्यात फारसा फरक नव्हता! निवृत्तांकडे वेळ होता. चार दुकानं हिंडून घेत होते, घरी शिजवत होते. पैशाची जागा वेळाने घेतली होती.

माझ्या घरी हे रोज बघते. सासरे निवृत्त झाल्यापासून घरातलं सगळं सामान तेच आणतात, पायी. आमचा त्या सदराचा खर्च खरंच कमी झालाय आणि त्यांची शुगरही.

---

दुपारचा पाढा

@गोफ, पटलं. पण मग आपल्याला जे 'जुने दिवस' वाटतात ते आपल्या आईवडिलांच्या तिशी-चाळिशीचे दिवस. ओढाताणीचं वयच ते. आजची तिशीतली माणसंही आपापल्या परीने ओढाताणीतच आहेत.

---

नवाकोरा

थँक्यू, कुणीतरी म्हणालं! मी २७ वर्षांचा. घरातले सगळे म्हणतात तुमची पिढी उधळी. माझ्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग भाड्यात जातो. शिक्षणाचं कर्ज आहे. उरतं त्यात मी एक चांगले बूट घेतले की लोकांना बूट दिसतात, भाडं दिसत नाही. फोन मी कायम सेकंडहँड घेतो, सायकल सेकंडहँड, टेबल मित्राकडून. आईबाबांच्या घरात आजवर एकही वापरलेली वस्तू विकत आणलेली नाही.

दिसणारा खर्च आणि न दिसणारा खर्च, असा एक भाग या धाग्यात हवा.

---

आकडेमोड

@नवाकोरा, मुद्दा रास्त. दिखाऊ खर्चाबद्दल थोरस्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्येच लिहिलं होतं, पण न दिसणाऱ्या खर्चाकडे कमी लोकांनी बघितलं.

आणखी एक नाव सुचवतो, जेम्स ड्यूझेनबेरी, १९४९. त्याचं म्हणणं, घराचा खर्च दातेरी चाकासारखा असतो. मिळकत वाढली की राहणी वर सरकते, पण मिळकत घटली तरी राहणी तितकी खाली येत नाही, दाता अडकतो. माणूस आपल्या आधीच्या सर्वांत चांगल्या दिवसांशी आणि शेजाऱ्यांशी स्वतःला ताडून बघत राहतो. शाईपेनच्या वहीत १९७९-८० ला दाता अडकला की सुटला, ते बघायला मिळालं तर सोनंच.

---

रातराणी

हा धागा वाचून काल रात्री मी बसले आणि खात्यातून दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमा मोजल्या. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. चौदा निघाल्या. एक तर अशा व्यायामाच्या अॅपची, जे मी आधीचा फोन होता तेव्हा शेवटचं उघडलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तीच गाणी ऐकायला पैसे भरतेय. एका बंद करायला गेले तर सात पानं पुढे जावं लागलं आणि प्रत्येक पानावर 'नक्की जाताय?'

शाईपेन, तुमचं ते चालू खर्चाचं वाक्य मला काल रात्री शब्दशः कळलं.

पैसे हातातून जाताना जी कळ येते तीच नाहीशी झालीये. २००१ साली ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी विद्यार्थ्यांमध्ये सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना सांगितलं रोख द्यायचे, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. तिकीट तेच. आणि ते तर कार्ड होतं, खिशातून काढावं तरी लागायचं. आता बोटाचा ठसा पुरतो.

---

उंबरठा

हप्त्याला मात्र एकदम वाईट म्हणू नका. शिलाई मशीन १८५० च्या दशकात हप्त्यावर विकायला सुरुवात झाली ती नसती, तर किती घरांत ते कधीच आलं नसतं. ते यंत्र कमवून देत होतं. माझ्या आईने हप्त्यावर घेतलेल्या मशीनवर आम्हा दोघा भावांची शिक्षणं केली. साठवत बसली असती तर मशीन यायच्या आत आमचं शाळेचं वय उलटलं असतं.

---

शाईपेन

@उंबरठा, हे मी लिहायला हवं होतं. फ्रिज आला तेव्हा आई रोज दोनदा बाजारात जायची ती आठवड्यातून दोनदा जायला लागली. हप्त्याने तिचे किती तास वाचवले ते वहीत नाही.

---

सावली

सगळं वाचलं. एक प्रश्न कालपासून मनात आहे, जरा टोचेल, पण विचारते.

वर जवळजवळ सगळ्यांनी 'घराचा खर्च', 'कुटुंबाचा खर्च' असं लिहिलंय. घर म्हणजे कोण? पैसे कुणाच्या हातात होते, आणि कमी पडले तेव्हा कुणाचं सदर आधी कापलं गेलं?

माझ्या आईने हिशेब कधी लिहिला नाही, कारण तिच्या हातात पैसेच नसत. रोज सकाळी वडील लागतील तेवढे काढून टेबलावर ठेवत. आजीच्या बाबतीत तेवढंही नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये मुलांसाठीची सरकारी मदत वडिलांच्या पगारातल्या सवलतीतून काढून थेट आईच्या हातात द्यायला सुरुवात झाली. घरात येणाऱ्या पैशाचा हात बदलला, इतकंच. १९९७ मध्ये शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स यांनी त्या काळचे खर्च तपासले, तर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. 'घर' नावाचा एकच माणूस निर्णय घेत असता तर असं झालं नसतं.

शेवटच्या पानावरच्या त्या 'घ्यायचे आहे' याद्या, शाईपेन. त्यात सगळ्यात जास्त वर्षं कोणाची वस्तू पुढे ढकलली गेली, ते बघाल का?

---

दुपारचा पाढा

@सावली, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्यात पुरुषांवर ठपका ठेवल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांनी एकच कोट अठरा वर्षं वापरला. आतलं अस्तर आईने तीनदा बदललं. त्यांच्याही वस्तू राहिल्या.

---

सावली

@दुपारचा पाढा, ठपका नाही ठेवत. तुमच्या वडिलांचा त्याग मी नाकारत नाही. पण सहा पाकिटांवर जी नावं होती, त्यात एखादं आईचं होतं का?

---

दुपारचा पाढा

थोडा वेळ लागला उत्तर द्यायला. आठवून बघितलं. भाडं, घर, शाळा, औषध, प्रवास, बँक. नव्हतं.

आईला फोन केला आत्ता. ती म्हणाली, 'घर'च्या पाकिटातून उरेल ते माझं, असं ठरलं होतं. उरायचं का विचारलं, तर हसली.

---

पेचकस

माझ्या अनुभवाचं सांगतो. मिक्सर, इस्त्री, पंखा, टीव्ही यांतलं काय आधी दुरुस्तीला यायचं? टीव्ही. त्याच दिवशी. मिक्सर पंधरा-पंधरा दिवस बिघडून पडलेला असायचा, बायका हाताने वाटून भागवायच्या. कधी या अंगाने विचार केला नव्हता.

---

गोफ

@सावली, धाग्याला तुम्ही वळण दिलंत. वय आणि काळ असे दोन धागे मी सुटे केले, तिसरा तुम्ही काढलात.

---

नवाकोरा

आमच्याकडे आम्ही दोघं तीन खाती ठेवतो. त्याचं, माझं, आणि घराचं. घराच्या खात्यात दोघं पगाराच्या प्रमाणात टाकतो, सारखी रक्कम नाही. ज्याचा पगार कमी त्याच्यावर ओझं येऊ नये म्हणून. आईला सांगितलं तर आधी 'संसार आहे की भागीदारी' म्हणाली. मग दोन दिवसांनी फोन करून विचारलं, खातं उघडायला काय काय कागद लागतात.

---

रातराणी

@नवाकोरा, आईंनी उघडलं का खातं?

---

नवाकोरा

हो. गेल्या आठवड्यात.

---

शाईपेन

उशीर झाला, पण याद्या नीट वाचून मगच लिहायचं होतं.

आधी @आकडेमोड यांच्यासाठी. १९७९-८० ला दाता अडकला. बाबांची नोकरी नव्हती तरी आमची शाळा तीच राहिली, वर्तमानपत्रही चालू राहिलं. वाणसामान आणि कापड कापलं गेलं. एंगेल आणि ड्यूझेनबेरी दोघंही बरोबर.

आता सावलीच्या प्रश्नाचं. ३३ वह्यांत मिळून १८७ वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्यातल्या १२१ वर काट आहे. ६६ कधीच घेतल्या नाहीत, यादीतून नुसत्याच गळल्या. १९९३ नंतर याद्या झपाट्याने लहान होतात, २००६ च्या यादीत तीनच वस्तू. वाट बघायची गरज उरली नव्हती, हप्ता होता.

सगळ्यात जास्त वर्षं पुढे गेलेली वस्तू टेबल पंखा, सहा वह्या. तो सगळ्यांचा होता. पण त्याच्या खालोखाल जे आहे ते वाचून मी वही मिटून बसून राहिले. १९८३ च्या यादीत पाचव्या क्रमांकावर: 'चष्मा (मला)'. १९८४ ला परत. १९८५, १९८६ ला परत. काट पडली १९८७ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या वर्षांत काय काय घेतलं गेलं तेही लिहिलेलं आहे: माझं अभ्यासाचं टेबल, दादाची सायकल, बाबांचं घड्याळ, माझी सहलीची फी. १९८३ ला आई ४२ वर्षांची होती. जवळचं दिसेनासं होतं ते वय.

आज ती ८४ ची आहे. काल संध्याकाळी तिच्याजवळ बसून विचारलं, चार वर्षं का थांबलीस? म्हणाली, "अगं, फी तारखेला भरावी लागते. डोळे चालवून घेतात."

मग मी त्या चार वर्षांच्या वह्या पुन्हा उघडल्या. @कोपरा, तुम्ही सुरुवातीला १९८५ च्या पानाचं अक्षर टपोरं आहे म्हणालात, एक ओळ सोडून लिहिलंय म्हणालात. १९८२ पर्यंत अक्षर बारीक आहे, प्रत्येक ओळीवर. १९८३ च्या मध्यापासून ते मोठं व्हायला लागतं. १९८५ ला एकेक आकडा दोन ओळींत बसतो, आणि १९८६ ला वर्षाला एक वही पुरली नाही, मागे सुटे कागद टाचलेत. १९८७ च्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एकाच पानाच्या मध्यावर, अक्षर परत बारीक होतं.

ते पान आणि १९८५ चं पान शेजारी ठेवून फोटो टाकतेय.